पावती

सीबच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा
वर आईची कुळथाची पिठी
आणि खाली लेंग्यांत गुंडाळलेल्या सात कॅसेट.
पिठी त्यांनी हुंगली आणि सोडली.
कॅसेट ठेवून घेतल्या, बघून परत देऊ म्हणाले.
गुलाबी पावती दिली. तिच्यावरचा अरबी सात
मला कुणीतरी बरोबरची खूण करता करता
हात उचलून घेतल्यासारखा दिसला.

रुवीत आम्ही चौघे एका खोलीत.
नेरूरकर दर गुरुवारी रात्री मोइदूच्या दुकानातून
दोनशे बैसा भाड्याने मारामारी आणायचा.
मला म्हणायचा, तुझ्या पिक्चरात माणसं
नुसती खिडकीबाहेर बघत बसतात.
खरं होतं.
आमच्या खोलीला खिडकी नव्हती,
एसीसाठी फोडलेलं भोक होतं.

अकराव्या दिवशी गेलो.
काउंटरमागे खलफान, पांढरी दिशदाशा, डोळे तांबारलेले.
पाच परत मिळाल्या.
एकीत बाई आंघोळ करते, म्हणाला.
आणि एकीत...
हिंदीत शब्द शोधत राहिला,
एकीत माणूस देवाशी फार भांडतो.

मी सही केली. निघालो. त्याने हाक मारली.
तो म्हातारा नावाडी,
शेवटी पलीकडे पोचतो का?
आमच्या मशीनमध्ये फीत अडकली.

मी पाहिलाच नव्हता तो सिनेमा.
पुण्याच्या कुणा मित्राच्या मित्राकडची
प्रतीची प्रत होती.
तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे जमवून मागवलेली.

त्या रात्री तिघे झोपल्यावर लावली.
दीड तास नदी.
मग नेमकी तिथेच फीत चुरगळलेली,
तीन मिनिटं नुसत्या रेघा, खरखर,
आणि समाप्त असावं असं काहीतरी
मला न येणाऱ्या लिपीत.
पेन्सिलीने फीत मागे घेतली, अंगठ्याने सपाट केली,
पुन्हा लावली. रेघाच.

पोचतो, मी खलफानला जाऊन सांगितलं.
त्याने मान हलवली.
नाही. मला वाटतं, मध्येच थांबतो.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीवरून आणत गेलो.
इतरांच्या कॅसेट तीन दिवसांत सुटायच्या,
माझ्या अकरा.
परत येणाऱ्या पावतीच्या मागे अरबीत एखादी ओळ असायची.
मला वाटायचं, दंडाचं काही असेल.
एकदा घाबरत मोइदूला दाखवली.
त्याने चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली,
माझ्याकडे बघितलं.
"पाऊस फार दाखवलाय."
दुसरीवर: "मुलगा खोटं बोलतोय, आईला कळतं."
एकीवर फक्त: "दोनदा पाहिली."

नेरूरकर गावी परतला, मोठा टीव्ही घेऊन.
मोइदूने दुकानात मोबाइलची कव्हरं लावली.
समुद्राच्या दमट हवेने माझ्या फितींवर
पांढरी बुरशी धरली, पीठ भुरभुरल्यासारखी.
दोनशे बारा कॅसेट.
इमारतीच्या कचरापेटीत तीन फेऱ्यांत नेल्या.
पावत्या नाही टाकल्या. बिस्किटांच्या डब्यात आहेत.

परवा ती नावाड्याची आली,
नव्याने धुतलेली, चकचकीत तबकडी.
पाण्यावरची प्रत्येक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.
एकटाच बसलो. आता खोलीला खिडकी आहे,
पडदा ओढून घेतला.
दीड तास नदी.
मग ती तीन मिनिटं.

नावाडी पलीकडे पोचत नाही.
मध्येही थांबत नाही.
तो दोर परत खुंटीला बांधतो,
काठावर बसतो
आणि कांदा सोलतो. सावकाश.
डोळ्यांना पाणी येतं, ते बाहीने पुसतो.
एवढंच.

मी मोठ्याने हसलो.
शेजारच्यांनी भिंत ठोकली.

ते कार्यालय कधीच हललं तिथून.
खलफान निवृत्त झाला असेल, सूरला की सोहारला,
नाव एवढंच ठाऊक, आणि त्या नावाचे
फोनच्या वहीत पानंच्या पानं.

डबा काढला.
सर्वांत जुनी गुलाबी पावती शोधली,
शाई उडालेली, सात तेवढा शिल्लक.
मागे जागा होती.
लिहिलं: कांदा.