तारांकित

वर्षातून एकदा आमच्या विभागात लग्नघरासारखी धांदल.
सकाळी साडेसातला मी आणि रमणभाई
जिन्याखालचे बोर्ड बाहेर काढतो,
गेल्या वर्षीची सेलोटेप नखाने खरवडतो.
मग मुलं येतात,
काखेत पोस्टरची गुंडाळी, ओठांवर पाठांतर,
कुणाच्या पायात मोठ्या बहिणीचे सँडल.

बोर्ड नंबर सतरा : झंखना परमार.
चार वर्षं हिच्या पाली मी सांभाळल्या.
आडनाव घोरपडे आणि काम पालींचं,
हसून घ्या, सगळ्यांचं हसून झालंय.
बडोद्याच्या पोरांनी माझं नावच पाडलंय, गरोळीकाका.

झुरळं मी धरायचो,
कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून टाकायचो,
शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी.
पहिली शेपूट हिच्या चिमट्यात राहिली त्या दिवशी
ही बेसिनपाशी किती वेळ हात धूत होती.
इकडे बशीत शेपूट एकटीच नाचत होती,
आपण आता कुणाची
हे अजून न कळल्यासारखी.

परीक्षक आले. एक दिल्लीचे, एक इथले,
एक बाई, चष्मा कपाळावर.
ही इंग्रजीत बोलत होती, पण मला कळत होतं,
रात्री दहा-दहापर्यंत रिकाम्या पिंजऱ्यांना
हेच तर ऐकवत होती.
नवी शेपूट येते, पण जुनी येत नाही.
आत मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते.
जखम मात्र अशी भरते
की व्रण शोधून सापडत नाही.

"माणसाला याचा उपयोग?" दिल्लीकरांनी विचारलं.
डायबेटिसच्या जखमा, ती म्हणाली,
आणि टक्केवारी सांगितली.
सयाजी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर
हिच्या वडलांच्या डाव्या पायाला तीन बोटं उरली आहेत,
डबा द्यायला मी गेलो होतो एकदा.
ते तिने सांगितलं नाही.
बरं केलं.

मग त्या बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"तक्त्यात चोवीस. वर पंचवीस लिहिलंय.
इथे ही चांदणी कसली?"
झंखना थांबली.
"एक निसटली, मॅडम. म्हणून वगळली.
खाली टीप दिली आहे."
खाली टीप होती. मुंगीएवढी.

माझ्या मनात पाल चुकचुकली म्हणू की काय म्हणू.

अष्टमीचा दिवस. झाकण पुसायला काढलं
आणि घरून फोन आला. एवढंच.
ती रात्रभर टॉर्च घेऊन कपाटांमागे वाकत होती,
मी सोबत वाकत होतो.
सर तिला बोलले. आलेख पुन्हा काढावे लागले.
चौथ्या दिवशी स्टोअररूमच्या ट्यूबलाइटमागे
मला ती दिसली,
नवी शेपूट अर्धीच, काळसर, जाडसर,
उसन्या कोटाच्या बाहीसारखी.
मी स्टूल आणलं.
वर चढलो.
खाली उतरलो.

बक्षीस झेब्रामाशावाल्या निंबाळकरला मिळालं.
हिला प्रमाणपत्र आणि सामोसा.
संध्याकाळी पोस्टर सोडवताना म्हणाली,
"काका, आभारात तुमचं नाव चुकलं. सॉरी."
घोरपडेचं घोडपडे झालं होतं.
म्हटलं, चालतं बेन, पालीवरून घोड्यावर, बढतीच की.

बोर्ड उचलून आम्ही स्टोअररूममध्ये ठेवले.
ट्यूब दोनदा फडफडून लागली.
ती सहज बोलली, गुंडाळीला रबर लावता लावता,
"ती पंचवीसवी मेली असेल ना, काका?"
"असेल," मी म्हणालो.

आणि वरून आवाज आला,
चुक् चुक् चुक्.
आमच्या घरात म्हणतात, बोलणं खरं असलं
की पाल साक्ष देते.
झंखनाने वर पाहिलं नाही.
मी बोर्डाच्या लाकडावर
बोटाने तीनदा टकटक केलं.
कृष्ण, कृष्ण.