पाणी आत येणारच

राजारामपुरीतल्या दुकानदारानं बुटावर
ग्लासभर पाणी ओतून दाखवलं.
थेंब घरंगळले, अळूच्या पानावरून जावेत तसे.
"वॉटरप्रूफ आहे सिस्टर. गॅरंटी."
मी किंमत बघितली आणि मनातल्या मनात
गुडघाभर ओढा ओतला त्याच्यात,
वरून.

गेल्या साली असलेच होते.
गगनबावड्याच्या वर तिसरा ओहोळ ओलांडला
आणि पाणी जे आत शिरलं ते मुक्कामालाच राहिलं.
लसीचा डबा खांद्यावर, पायात दोन पाझर तलाव,
दर पावलाला आतून कुणीतरी चूळ भरतंय असा आवाज.
उन्हाची तिरीप नाही, पण उकाडा असा
की बुटातलं पाणी पेजेसारखं कोमट.
संध्याकाळी मोजे सोलले तर बेचक्यांत चिखल्या,
तळवे भिजत घातलेल्या पोह्यांसारखे.
गावोगाव मलम वाटणारी मी
आठवडाभर स्वतःच्याच पायांना लावत बसले.
सप्टेंबरात डाव्याचा सोल सुटला,
आ वासून प्रत्येक दगडाला काहीतरी सांगत राहिला.

म्हणून पापाची तिकटी. येसाप्पा सातपुते.
बाप-आजा चपला करायचे, हा दुरुस्त्या करतो.
खोक्याएवढी जागा, वर निळं प्लास्टिक.
वर्तमानपत्रावर माझा पाय ठेवून घेतला, पेन्सिल फिरवली.
"माप संध्याकाळी घ्यायचं बाई.
दिवसभर चाललेला पाय खरं बोलतो."
परतीच्या बोलीवर आणलेल्या तीन जोड्या
त्यानं बाजारातल्या कोंबड्यांसारख्या उलट्या धरल्या.
एक वाकवला, तो मधेच मोडला. "ह्यो नको."
दुसऱ्याच्या तळात नख रुतवून बघितलं, रुतेना.
"लई कडक. भिजल्या जांभ्यावर असलं रबर म्हंजे साबणाची वडी."
तिसऱ्याचा वास घेतला. का, ते सांगितलं नाही.
"जाळी हाय. अस्तर पातळ, रातीत वाळंल.
पण शिलाई कुठाय? नुसतं चिकटवलंय."

मेणातून ओढलेला दोरा,
कडेकडेनं अख्खा सोल शिवला. तासभर गेला.
मग आरी उचलली आणि
कोऱ्या बुटाला, बावीसशे रुपयांच्या,
आतल्या अंगाला, कमानीपाशी
भोकं पाडायला लागला.
मी ओरडलेच.
"पाणी आत येणारच," मान वर न करता म्हणाला,
"त्याला जायला वाट ठेवा."
एका पायाला तीन, दुसऱ्याला तीन.
ऐंशी रुपये.

ऑगस्टात धनगरवाड्यावर चढले.
ओढ्यातून वर आलं की सहा भोकांतून
सहा बारीक चिळकांड्या,
दहा-बारा पावलांत बूट हलका.
जळवा मात्र आल्याच. भोकांतून नव्हे, लेसच्या बाजूनं,
तंबाखूच्या पाण्याला न जुमानता.

धोंडूबाई बोडेकर दारातच बसलेली.
नातवाला मांडीवर घट्ट धरला, मी सुई टोचली,
पोरगं किंचाळलं,
हिचं लक्ष माझ्या पायांकडे.
"पाणी आपलं आपण भाईर जातंय?"
"व्हय."
"मग आमच्या पायांनी काय येगळं केलंय?"
आणि हसली, ठसका लागेपर्यंत.

मग म्हणाली, बघू.
उजवा घालून बघितला. चवडा अर्ध्यातच अडकला.
जन्मात कशात न कोंबलेला पाय,
पाच बोटं, शेजार असून
ज्यानं त्यानं आपापलं अंगण राखलेलं.
कोल्हापुरात कुठल्याच फळीवर नसेल हे माप.

नोंदवहीतलं कोरं पान उघडलं.
"ठेवा हितं."
"कशाला गं?"
मी पेन फिरवायला घेतलं. तिला गुदगुल्या झाल्या.
पाय एका पानात मावला नाही.
अंगठा शेजारच्या पानावर गेला, त्या रकान्यात,
जिथं पुढचा डोस कधी
ते लिहायचं असतं.