रोजची

निशिकांतनं दुबईहून आणली.
खोक्यात मऊ कापड, कापडात बाटली, बाटलीवर अठरा.
म्हणाला, मामा, तुम्ही पारखा,
रोजची म्हणून चालत असेल तर दर खेपेला आणतो.

छत्तीस वर्षं परतवाड्याच्या लाकूड डेपोत
मी सागाला हेच विचारत आलो, कशासाठी चालशील.
घेर, लांबी, गाठ, पोकळ,
मग हातोड्याचा शिक्का, खडूनं नंबर.
सवय आहे. आधी उजेडाला धरली.

रंग ओळखीचा निघाला.
बिजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी
शुगरसाठी मी रोज उठून पितो, हुबेहूब तो.
त्याच्या कडेला उन्हात निळी झाक असते,
हिला नाही.

मोतीराम भिलावेकर सायकल कुंपणाला टेकवून आला.
जंगल खात्यात दोघं सोबतच म्हातारे झालो.
पेला हातात घेतला, आणि मी काही बोलायच्या आत
दोन थेंब फरशीवर सांडले, पुरखांच्या नावानं.
मी मनात हिशेब केला, पस्तीस रुपये.
"त्याईनं मोहाचीच पेली जलमभर," तो म्हणाला,
"पाहू दे त्याईलेही."

वास: चुलीवर वाळलेली संत्र्याची साल,
त्याखाली आरा मशीनचा ओला भुसा.
दहा मिनिटं थांबलो तर लांबून
फेब्रुवारीत फायर लाईन जाळतात तसा धूर,
नाकात येतो न येतो.
मोतीराम म्हणाला, मले तर दवाखान्याचा येते.
मग पुन्हा हुंगून, नाई, गुळाच्या भेलीचा येते.

चव: तोंडाशी गोड, शेवट साफ.
मधे थोडी पोकळ.
असं खोड मी दुसऱ्या वर्गात घालायचो
आणि ठेकेदार वाद घालायचे.
पाणी टाकलं चमचाभर, तर पोकळ भरली.
वाद घालणारे कधीकधी बरोबर असत.

"मिसळीची हाये का थे?"
हो, पंचवीस-तीस पिंपांची, वेगवेगळ्या गावची.
पण वय लिहितात ते सगळ्यात लहानाचं.
बाकीच्यांचं कितीही असो, विचारायचं नाही.
मोतीरामनं हे बराच वेळ तोंडात घोळवलं.
"मंग आपल्या बैठकीत लहान कोन होता?"
कन्हैया. ट्रकवाला.
"थो गेला तवापासून आपन एकदम अठ्ठेसष्टचे झालो, लेका."
भज्यांची बशी त्यानं माझ्याकडं सरकवली.

बाटलीच्या पाठीवर मी पेन्सिलीनं रेघ मारली, तारीख टाकली.
दुसऱ्या दिवशी दुसरी.
सहाव्या रेघेनंतर तिच्यात हवा शिरली, ती सैल झाली,
धूर गेला, साल राहिली,
मला ती आधीपेक्षा आवडली
आणि मोतीरामला मुळीच नाही.
तो नवव्या रेघेला आलाच नाही,
धारणीला नातवाच्या ॲडमिशनसाठी गेला होता.
त्या संध्याकाळी मी बाटली काढली, पाहिली, ठेवून दिली.
एकट्यानं तिच्याकडं लक्ष द्यावं लागतं.
दर घोटाला ती विचारते, कळलं का, कळलं का.
रोजच्या वस्तूनं असं विचारू नये.

निशिकांतचा फोन आला. मामा, काय ठरलं?
मी डेपोच्या भाषेत सांगितलं:
माल चोख, कीड नाही, भेग नाही.
देवघराच्या चौकटीला घ्यावा. गोठ्याच्या आढ्याला नको.
तो हसला, म्हणजे आणू की नको?
म्हटलं, दिवाळीला आण.
मोतीराम असेल तर.

रात्री बिजाच्या पेल्यात पाणी भरून खिडकीत ठेवलं.
बारा वर्षं झाली, एकही रेघ मारली नाही त्याला.
सकाळी तुरट लागेल,
आणि मी ते दात घासल्यासारखं पिऊन
दूधवाल्याशी बोलायला जाईन.