गवताचे पैसे

पुलगाव रोडवरच्या पेट्रोल पंपापुढं
पहिलं लॉन लावलं, तीनशे फूट.
कुदळ उसनी, टेम्पो भाड्याचा,
कोटेशन वहीच्या मागच्या पानावर.

माय म्हणाली, "गवत लावाचे पैसे देते कोनी?"
तिची हयात निंदणात गेली,
लोकाच्या पऱ्हाटीत, रोजानं.

मे महिन्यात अर्धं लॉन जळालं.
पंपवाल्यानं अर्धेच पैसे दिले.
हिशेब बरोबर होता.

आता आठ गिऱ्हाइकं, स्वतःचा टँकर,
कार्डावर छापलंय: नेवारे गार्डन्स.

परवा तिला नेलं, डॉक्टरच्या बंगल्यावर.
चप्पल काढून कडेला बसली.
बोलता बोलता हात चालू.
उठलो तर ओच्यात मूठभर हिरवं
आन् लॉनमधी
काळ्या मातीचा एक साफ चौकोन.

तेवढे फूट मी बिलातून कमी केले.