केसभर

पितळ वाढतं.
बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची,
रिवणच्या आमच्या मागच्या पडवीत,
खाणीच्या भंगारातून आणलेल्या लेथखाली
घमेलं धरून बसलेली.
बार उडाला की पितळ पुढे सरकतं, म्हणाले,
केसभर.
पुढच्या बाराला आणखी केसभर.
मग ते नळीत मावत नाही.
मग कापायचं.

घमेल्यात पडायचा तो कीस
हळदीच्या रंगाचा, कुरळा, खोटा मऊ.
वेणीत अडकला की आई न्हाऊ घालताना
एकेक तुकडा काढायची, एकेक शिवी देऊन.

रिकामी काडतुसं धुणं माझं काम.
भिंडांच्या सोलांचं पाणी, चिमूटभर मीठ,
देवळातली समई निघते त्याच पाण्यात.
आई म्हणायची, देवाचं न् डुकराचं एकाच टोपात?
बाबा म्हणायचे, आंबट कुणाला ओळखतंय.

मग दिवा मालवून तोंडं शेकायची.
काळोखात पितळाचा रंग खोटं बोलत नाही.
लाली दिसायच्या आत बादलीत,
चुर्र,
आणि पडवीभर वास, जळक्या पैशांचा.

मग लेथ, मग कालिपर,
मग कापलेल्या तोंडाची धार मोडायची, आतून, बाहेरून.
शेवटचं माप माझं बोट.
"फिरवून बघ," म्हणायचे, "लागलं तर सांग."
मी सांगायचे. ते परत घासायचे.
शंभरात एखादं चुकून आखूड व्हायचं,
ते मला खेळायला.
ओठाला लावून फुंकलं की घुबडासारखं वाजायचं.

बाबांच्या गोष्टीही वाढायच्या.
डुक्कर पहिल्या दिवशी दीड मणाचं,
शिगम्यापर्यंत दोन मणाचं,
चवथीला पाहुण्यांसमोर सुळे कोयत्याएवढे,
आणि ते बाबांकडे बघून हसलेलं वगैरे.
आई चुलीपाशी, पाठमोरी,
एकच शब्द टाकायची:
"पुरो."
डुक्कर मुकाट दीड मणावर यायचं.

एक गोष्ट मात्र वाढली नाही.
काजूचे दिवस, बोंडांचा आंबूस वास, बाबा माळ्यावर.
खाली पाचोळा वाजला.
सकाळी शाणू वेळीप केप्याच्या इस्पितळात
पोटरी बांधून बसलेला.
हवालदाराला म्हणाला, कुंपणाची तार लागली.
त्याच्या पोत्यात आमची बोंडं होती, असं म्हणतात.
पोतं कुणी पाहिलं नाही.
बाबा काहीच म्हणाले नाहीत.
आईला कापायला काही उरलंच नाही.

दर चवथीला शाणू माटोळीसाठी रानफळं आणतो,
डोंगर उतरतो जरा तिरका.
बाबा उठून त्याला स्वतःची खुर्ची देतात.
दोघं नारळाच्या भावावर बोलतात
चहा निवेपर्यंत.

यंदा निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा केली
ती बाबांनी आणलीच नाही.
निकाल लागून पाच महिने झाले.
पावती कॅलेंडरच्या मागे.
मी म्हटलं, आणू? म्हणाले, राहू दे, तिथे कोरडी राहील.

आज पडवी रिकामी करताना
तपकिरीच्या डब्यात एक काडतूस सापडलं.
काळं. न धुतलेलं.
बाकी सगळी चकचकीत, खोक्यात, तोंडं खाली करून,
आणि हे एकटं, चिंधीत.
कालिपर लावला.
केसभर जास्त.

लेथचा पट्टा अजून शाबूत आहे.
मी तोंडावरून बोट फिरवलं, जुन्या सवयीने.

बाहेर बाबा सुपारी सोलत होते.
काय गं मिळालं, त्यांनी विचारलं,
हात न थांबवता.

कीस, मी म्हटलं,
आणि बोट तोंडात धरलं.