मुअद्दल

कुवेतच्या बातम्यांत हवामान शेवटचं, दीड मिनिट.
गदीर नकाशासमोर उभी राहते,
तिच्यामागचे आकडे मी भरतो.
आजचं कमाल मोठं, पिवळं.
त्याखाली बारीक, राखाडी: मुअद्दल.
म्हणजे सरासरी.
शिवाय दुरुस्त केलेलं, असाही अर्थ निघतो.
आपल्या अदालतीच्याच घरातला शब्द,
पण इथे साक्ष कुणाची काढत नाहीत.

परवा खात्याकडून नवा तक्ता आला.
जुनी तीस वर्षं गेली, नवी तीस लागली:
एक्याण्णव ते वीस.
जुलैचा राखाडी आकडा एका अंशाने चढला.
जो दिवस काल दोनने जास्त असता
तो आता एकानेच.
उन्हाला कुणी विचारलं नाही.
मी एंटर दाबलं.

एक्याण्णव.
त्याच ऑगस्टात मी उतरलो,
रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा दाखला, राजापूर आयटीआयचा,
प्लास्टिकच्या पिशवीत.
अहमदीच्या विहिरी अजून जळत होत्या.
दुपारी दोनला गाड्यांचे दिवे लागलेले,
धुराखाली भर उन्हाळ्यात अंगावर काटा,
रुमालात थुंकी काळी.
तो उन्हाळाही धरलाय या सरासरीत.
भागिले तीस.
काजळी कुठे दिसत नाही.

घरून फोन येतो, तिकडे कसं?
नॉर्मल, म्हणतो मी.
साखर? नॉर्मल.
तुमच्या नॉर्मलला, बायको म्हणते, मी काय चाटू.

मंगफच्या खोलीत नजीर तांडेल जेवतो टीव्हीसमोर.
परांच्या बांधतो तो.
अकरा ते चार कामबंदी असते,
चारनंतर पाइप हातात धरवत नाही.
"काय म्हणाली रे बाई?"
"नेहमीपेक्षा एकच जास्त."
"कुणाच्या नेहमीपेक्षा?"
आणि नाकातला कापूस बदलायला
मोरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मेकअप चालू असताना गदीरला म्हटलं,
नेहमीपेक्षा म्हणू नकोस,
तीस वर्षांच्या मानाने म्हण,
आणि तीस वर्षांपूर्वी किती होतं तेही सांग.
तिने मान हलवली, मनापासून.
मग म्हणाली, लांब होतं, चाचा.
लगेच एसीची जाहिरात असते.

राखाडी चौकटीत दोनच अंक मावतात.
तिसरा दाबून पाहिला मी, त्या रात्री,
सगळे गेल्यावर.
टुक् असा आवाज येतो.
घेत नाही.