छाट

टॅम्पा, ईबोर सिटी. भर रस्त्यात कोंबडे फिरतायत
घरमालकासारखे.
डुक्कर सोडून काय आहे
ते मिग्दालिया मेन्यूवर बोट ठेवून दाखवते :
काळा घेवडा, भात, तळलेलं केळं.
केळं थेट वसईच्या राजेळीसारखं,
फक्त वेलची विसरलेलं.

काचेपाशी एक म्हातारा सिगार वळतोय. पर्यटकांची रांग, फोटो.
ओल्या पानाची शीर काढतो,
तंबाखू भरतो,
आणि टोक अंगठ्यानं असं मिटतो
की माझा घास तोंडातच राहतो.

सिन्नरला, पत्र्याच्या मापानं पान कातरून
आई अशीच तोंडं मिटायची. दिवसाला हजार.
ठेकेदार त्यातल्या शंभरेक ‘छाट’ म्हणून बाजूला सारायचा,
पैसे कापायचा,
आणि त्याही घेऊन जायचा.

मिग्दालिया सांगते, पूर्वी कारखान्यात
उंच खुर्चीवर बसून एक जण
वळणाऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा, कादंबऱ्यासुद्धा.
त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे.

मी म्हणते, हो का.
सातवीत मीही वाचायचे, सुपाशेजारी बसून,
भूगोल, मोठ्यानं.
आई म्हणायची, ते क्युबाचं परत वाच. साखरेचं.
रेशनची साखर तेव्हा तीन महिने आली नव्हती.

बिल आलं. यशोधन टिपचा हिशोब करतोय.
म्हाताऱ्याची एक सिगार वाकडी झाली.
मी बघत राहिले, आता कोण येतं उचलायला.
त्यानं ती उजेडात धरली, हसला,
आणि स्वतःच्या खिशात घातली.